वर्षश्राद्धाच्या दिवशी जपानमध्ये

माणूस कितीही दूर गेला तरी मनाने आपल्या माणसांजवळच असतो. हे वाक्य बाबांनी मला विमानतळावर ऐकवलं, बॅगेचं वजन जास्त झालं म्हणून लोणच्याची बरणी घरी परत नेताना. नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला आल्यावर मी ते इतरांना ऐकवायला लागले. इकडे आलेले आपण सगळेच ऐकवतो. फुकट असतं.

यंदा बाबांचं वर्षश्राद्ध होतं. पुण्याचं तिकीट काढून झालं होतं. मग जपानमधल्या ग्राहकाकडे आमच्या कंपनीचं मशीन बसवायचं निघालं आणि माझा डच मॅनेजर यान म्हणाला, तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाही. ते ऐकून मला बरं वाटलं होतं. माझा माझ्यावरचा खरा राग तो आहे.

दादाला फोन केला. म्हटलं, "मनाने मी तिथेच आहे रे."

"मनाने पानं वाढता येत नाहीत, छोटे. आणि व्हिडिओ कॉलचं काढू नकोस. फोन धरायला इथे माणूस नाही."

श्राद्धाच्या दिवशी रविवार होता. माझ्यासोबत जपानला आलेला यान मला डोंगरावरच्या बौद्ध देवळात घेऊन गेला. म्हणाला, शांतता मिळेल. पायथ्याशी मी सवयीने बूट-मोजे काढून पिशवीत घातले आणि चढायला लागले. हा दुखवट्याचा विधी असावा असं समजून यानने त्याचेही काढले. दगड बर्फासारखा गार. आम्ही गंभीर चेहऱ्याने दोन-अडीचशे पायऱ्या चढलो. शेजारून जपानी आजीबाई बूट घालून खुशाल वर जात होत्या. बूट काढायची जागा वर, देवळाच्या ओट्यापाशी होती. तिथल्या म्हाताऱ्या भिक्षूने आमचे चिखलाने भरलेले पाय पाहिले आणि मुकाट्याने फडकं आणून दिलं.

पाय पुसता पुसता यान हळव्या आवाजात म्हणाला, "तुझे वडील आत्ता इथेच आहेत."

"नाहीत. ते पुण्यात जेवायला गेलेत," मी म्हणाले. "मी इथे आहे, कारण तू मला जाऊ दिलं नाहीस. आणि मी भांडले नाही."

आत घंटा वाजत होती. मला शांतता वगैरे काही मिळाली नाही.

मागे राहिलेल्यांनी आणि इकडे आलेल्यांनी मनाचं कौतुक आता पुरे करावं. घर म्हणजे जिथे जायला रजा मंजूर करून घ्यावी लागते ते ठिकाण. मी ती मागितलीसुद्धा नव्हती.

सोमवारी ग्राहकाने मशीनचं काम दोन आठवडे पुढे ढकललं.