न सांगता लावलेला फॉल

हव्वाबीचा एक स्वभाव होता आणि अख्ख्या मीना बाजारात त्याला औषध नव्हतं. सांगितलेल्या कामापेक्षा चार टाके जास्त घालायचेच. तुम्ही साडी फॉल-बिडिंगला टाका, ती पदराचे सुटलेले गोंडेही बांधून देणार. ब्लाउजची उंची वाढवायला द्या, बाई हुकांची रांगच बदलून ठेवणार. "मी सांगितलं होतं का?" असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार, "अगो, डोळ्यांना दिसत होतं ना!" रत्नागिरीच्या राजिवड्यावरून नवऱ्याच्या मागोमाग ती दुबईत आली, नवरा इथेच मातीआड झाला आणि ती बर दुबईतल्या एका साडीच्या दुकानामागच्या खोलीत सुई धरून बसली. बावीस वर्षांत तिच्या हातचा एक नग परत आला नव्हता. याचा तिला गर्व होता. असू दे की, कष्टाच्या माणसाला एवढा गर्व शोभतो.

त्या शुक्रवारी दुकानात रोसियो आली. स्पेनची बाई, पन्नाशीला टेकलेली, पाठ काठीसारखी ताठ. इथेच राहून पोरींना नाच शिकवते आणि स्वतःही नाचते, असं दुकानदाराने सांगितलं. तिच्या हातात जांभळा झगा होता. पुढून घोट्यापर्यंत आणि मागे चांगली सहा हात लांब शेपूट, झालरींवर झालरी. शेपटीची कड एका जागी वीतभर फाटली होती. रोसियोने तिथे बोट ठेवलं आणि म्हणाली, "ओन्ली हिअर. ओके? ओन्ली."

"ओके, ओके, खलास," हव्वाबी म्हणाली.

पण झगा मांडीवर घेतला आणि तिचा जीव कळवळला. या अल्ला, एवढं महागाचं कापड जमिनीवरून लोळवत फिरते आणि आतून फॉल नाही! बिचारीला कुणी सांगितलंच नसेल. हव्वाबीने वीतभर फाटलेलं असं शिवलं की भिंग लावून शोधावं. मग चार फॉल भिजवून, वाळवून, इस्त्री करून शेपटीच्या अख्ख्या कडेला आतून लावले, तेही हातशिलाईने. रात्रभर मान मोडली. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता रोसियो धावतपळत आली, फाटलेली जागा शोधत राहिली, ती सापडेना म्हणून हसली, आणि त्याच रात्रीच्या कार्यक्रमाचे दोन पास हव्वाबीच्या हातात कोंबून गेली. फॉल आतून होता. तो तिने पाहिलाच नाही, आणि हव्वाबीनेही सांगितलं नाही. असल्या गोष्टी काय बोलून दाखवायच्या?

बहिणीची मुलगी कशफ लॉजिस्टिक्सच्या ऑफिसात होती, तिने गाडी काढली. अल कूझच्या गोदामांच्या रांगेत एक छोटासा हॉल. चाळीस खुर्च्या, वीतभर उंचीचा लाकडी चौथरा, पडदा नाही, माइक नाही. यांच्या खुर्च्या पहिल्या रांगेत.

"खाला, मधे टाळ्या वाजवू नकोस हं प्लीज," कशफ म्हणाली. "टाळ्याही तेच वाजवतात, तालासाठी. रिदम बिघडतो."

हव्वाबीला वाटलं होतं, लग्नातल्यासारखं छान गाणंबिणं असेल. एक टकला माणूस खुर्चीत बसला, डोळे मिटले आणि असा काही ओरडला की हव्वाबीच्या तोंडून पटकन "इन्ना लिल्लाही" निघून गेलं. कोण गेलं बाई याचं? त्यावर रोसियो काळ्या कपड्यांत उठली आणि तिने लाकडावर टाच हाणली. खुर्चीचे पाय हादरले. चार हातांवर ती बाई, कपाळाचा घाम दिसतोय, नाकपुड्या फुललेल्या, आणि ती कुणावर तरी एवढी चिडलेली की हव्वाबीने पाय खुर्चीखाली घेतले. बायकांनी असं चिडलेलं चारचौघांत दाखवायचं असतं, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मध्यंतरात कशफने फोन पुढे केला. "हे बघ, गेल्या वर्षीचा व्हिडिओ. तोच जांभळा ड्रेस."

व्हिडिओत रोसियोने मागच्या मागे पाय झटकला आणि ती सहा हात शेपूट पाखरासारखी वर उडाली, हवेत वळली आणि बरोब्बर तिच्या मागे येऊन पडली. पुन्हा झटका, पुन्हा वर. हव्वाबीने फोन ओढून डोळ्यांजवळ नेला.

"ही... ही उडवते?"

"मग! तेच तर आहे त्यात."

चार फॉल. जाड सुती. काठोकाठ. हव्वाबी ताडकन उठली. "मला आत जाऊ दे. तिला सांगायला हवं."

तेवढ्यात दिवे गेले. "खाला, सिट डाउन!" कशफने तिचा हात धरून खाली ओढलं. "काय करतेयस?"

रोसियो आली. जांभळी. चौथऱ्यावर येताच तिने पाय झटकला. शेपूट जेमतेम सरकली. हव्वाबीने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पुन्हा झटका, कड थोडी उचलली आणि बद्दकन पडली. रोसियोच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, पण मानेची शीर तटतटून आली. तिसऱ्यांदा तिने सगळा जोर लावला, गरकन वळली, आणि शेपूट अजून जागच्या जागीच होती. रोसियोची टाच शेपटीवरच पडली. ती गुडघ्यावर कोसळली. लाकडावर हाड आपटल्याचा आवाज चाळीस खुर्च्यांना ऐकू गेला.

टकल्या गाणाऱ्याने मात्र गाणं सोडलं नाही, उलट आवाज चढवला. रोसियो हातावर रेटा देऊन उठली. अख्खी शेपूट तिने गोळा करून काखेत मारली आणि नुसत्या पायांनी नाचू लागली. असं नाचली की बघवेना. मागची माणसं उभी राहून तिकडची दाद देऊ लागली, "ओले! ओले!" शेजारचा गृहस्थ बायकोला म्हणाला, "गिरने का एक्टिंग देखा? कमाल!" हव्वाबीला त्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. तिला चौथऱ्यावरचे लाल थेंब दिसत होते.

दिवे लागले तरी ती हलेना. फॉलचं ऐकून कशफला आता सगळं समजलं होतं. ती हळूच म्हणाली, "खाला, कुणालाच काही कळलेलं नाही. चल, घरी जाऊ."

"मला कळलंय ना."

आतल्या खोलीत रोसियो गुडघ्यावर बर्फ धरून बसली होती. झगा समोर उलटा पडला होता. हव्वाबीची फॉलची पट्टी सरळच्या सरळ, एक टाका इकडचा तिकडे नाही. हव्वाबी दारातच उभी राहिली. "मी लावला. तू सांगितलं नव्हतंस. मीच लावला." कशफने इंग्रजी केलं.

रोसियोने गुडघ्यावरचा बर्फ बाजूला ठेवला. मग बोलली, चिडून नाही, थकून. कशफ अडखळत सांगू लागली, "ती म्हणते, घालतानाच जड लागला, पण दुसरा ड्रेस नव्हता. आणि... ती म्हणते, गेल्या महिन्यातही असाच पाय पडला होता. तेव्हा कापड फाटलं, म्हणून ती पडली नाही. तेच फाटलेलं घेऊन ती तुझ्याकडे आली होती, खाला. आज ते फाटलं नाही."

हव्वाबी भिंतीला टेकली. बावीस वर्षं तिने कापड फाटू नये म्हणून डोळे फोडले होते. फाटण्यानेही कुणी वाचत असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. रडू आलं, ते तिने लपवलं नाही.

"टुमॉरो," रोसियो म्हणाली, "शो. अगेन." आणि तिने कात्री पुढे केली.

हव्वाबी जमिनीवर बसली. झगा ओढून मांडीवर घेतला, कडेचा पहिला टाका शोधला, कात्रीचं टोक त्याच्याखाली सरकवलं आणि तिथेच थांबली. मान वर करून तिने रोसियोकडे पाहिलं.

"कशफ, विचार तिला," ती म्हणाली. "फाटलेलं शिवलंय, तेही उसवू का?"