केस सावरणाऱ्या नर्सबाई

भोरच्या दवाखान्यात एक नर्सबाई होत्या, वसईकडच्या, कॅथलिक. त्यांचं चर्च पुण्याला, एसटीनं जाऊन यायचं तर दिवस मोडायचा. म्हणून रविवारी आमच्याच प्रोटेस्टंट मंडळीत येऊन बसायच्या. प्रार्थनेला क्रुसाची खूण करायला हात कपाळापर्यंत जायचा; आमच्यात तसं करत न्हाईत हे मग आठवायचं, अन् त्या केस सावरल्यासारखं करायच्या. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "बाई, किती वो केस सावरता!" बाई नुसत्या हसायच्या. बघता बघता आमची सगळी गीतं त्यांनी पाठ केली.

पुढं काविळीनं पडल्या. फादरांना पुण्याला तार केली, ते पोचले मातीलाच. बाई गेल्या, त्याच्या आदल्या दुपारी उशाशी मीच होते. बाई म्हणाल्या, "वहिनी, आमची मरियेची प्रार्थना म्हणता? माझ्याच्यानं होत नाही."

आता काय सांगू! इतकी वर्षं एका बाकावर बसलो, पण तुमच्यात काय म्हणतात, हे म्या कधी विचारलंच न्हाई. मग आमचंच गीत धरलं. दुसऱ्या कडव्यात रडू आलं, पुढचं आठवेना. डोळे मिटल्या मिटल्या बाईंनीच हळूच शब्द सांगितला.