गिटारला दिलेली दाद

यंदा थंडीसाठी जुना कोट काढला आणि डांबरगोळ्यांच्या वासानं मला नव्वदच्या दशकातल्या दिल्लीत नेलं. मानेसरच्या कारखान्यात नोकरी, मुनिरक्यात भाड्याची खोली. तीन महिन्यांत कोणाशी मनापासून बोलणं झालं नव्हतं. एका संध्याकाळी हाच कोट घालून गिटारच्या मैफलीला गेलो. परदेशी वादक संथ युरोपीय सुरांतून अलगद कॅरिबियन बेटांच्या डुलत्या ठेक्यात शिरला आणि पुण्याच्या बैठकींच्या सवयीनं माझ्या तोंडून मोठ्यानं ‘वा!’ निघालं.

सगळं सभागृह वळून पाहू लागलं. “प्लीज, चुप रहिए,” शेजारच्या बाई म्हणाल्या. वादकानं मात्र माझ्याकडे पाहून तीच जागा पुन्हा वाजवली. मी शरमेनं मध्यंतरातच निघून आलो.

आज कळतं, त्या शहरात पहिल्यांदाच मला कोणीतरी उत्तर दिलं होतं, आणि मी उठून आलो होतो.