मागच्या भिंतीशी ऐकलेली मराठी

घाटंजीजवळच्या आमच्या तांड्यातून शाळेत जाणारी मी पहिलीच मुलगी. आमचे पूर्वज बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरायचे. बाप मात्र शेती करायचा. सात वर्षांची झाले तेव्हा त्यानं मला शेजारच्या गावच्या शाळेत घातलं.

गुरुजी पुण्याकडचे. त्यांनी विचारलं, "तुझी आई काय करते?" आमच्या बोलीत आईला म्हणतात याडी. आणि 'आई' म्हणजे 'आली'. म्हणून मला वाटलं, कोणीतरी आली. कोण ते बघायला मी दाराकडे वळले. वर्ग खो खो हसला.

"गुरुजी, इले काहीच समजत नाही," पुढच्या रांगेतली पोरगी म्हणाली.

काही महिन्यांनी त्यांनी फळ्यावर सत्त्याऐंशी लिहून मला वाचायला सांगितलं. आमच्याकडे गुरं विसाविसांनी मोजत. मी म्हटलं, "चार विसा सात." पुन्हा हशा. "हिचं डोकं जड आहे," असं म्हणून गुरुजींनी मला मागच्या भिंतीशी बसवलं. मग मी शाळेत तोंडच उघडलं नाही. दोन वर्षं पहिलीतच राहिले. पण कान उघडे होते. गुरुजी बोलत ते सगळं मी रानातून घरी जाताना एकटीच मोठ्यानं म्हणायची.

तिसऱ्या वर्षी देवी काढायला, म्हणजे देवीची लस टोचायला, एक सरकारी माणूस तांड्यात आला. सोबत गुरुजी होते. बायकांनी पोरं घरात कोंडली आणि दारं लावून घेतली. बापेमंडळी शेतावर. तो माणूस समजावून थकला. त्याचं बोलणं कोणालाच कळेना. आतून माझी याडी ओरडून काहीतरी विचारत होती.

मी पुढे झाले. "ती विचारते आहे, टोचल्यावर मुलाला ताप आला तर काय करायचं?"

गुरुजी माझ्याकडे बघतच राहिले. शब्द त्यांचेच होते, अगदी त्यांच्याच ढंगात. त्या माणसानं उत्तर दिलं, मी ते याडीला आमच्या बोलीत सांगितलं. तिनं दार उघडलं. मग दुसरं उघडलं, मग तिसरं. दुपारपर्यंत मी इकडचं तिकडे सांगत होते. घसा बसला, पण थांबावंसं वाटेना.

"किती राहिले?" त्या माणसानं विचारलं.

"तांड्यात पाच विसा तेरा माणसं. तीन विसा चार झाली. राहिली दोन विसा नऊ."

गुरुजींनी कागदावर मांडून पाहिलं. एकोणपन्नास. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"तू शाळेत का बोलत नाहीस, पोरी?"

"हसतात, गुरुजी."

ते माझ्यासमोर खाली बसले. मग म्हणाले, "चूक माझी झाली. मला तुमची बोली येत नव्हती, आणि मी समजलो तुला अक्कल नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुढच्या रांगेत बसवलं आणि सगळ्या वर्गाला विसांची मोजणी शिकवायला लावलं. त्या वर्षी परीक्षा घेऊन मला एकदम तिसरीत घातलं. निकाल सांगायला गुरुजी स्वतः तांड्यात आले. तांड्याच्या प्रमुखानं, नायकानं, नगारा वाजवला, बायकांनी फेर धरला. याडीनं मला मधे ओढलं, आणि पाय दुखेपर्यंत मी नाचले.