दुसऱ्या परीक्षकाचा प्रश्न

संशोधनाचा पेपर लिहिणं हे माझं काम नाही, हे मी सरांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी वाचा-उपचार करणारी बाई. लकव्यानं ज्याची वाचा गेली त्याला निदान पाणी मागता येईल इतपत बोलतं करायचं, एवढंच मला येतं. सर आमच्या हॉस्पिटलातले मेंदूचे डॉक्टर. जळगाव-परभणीहून पेशंट त्यांचं नाव विचारत येतात, पण लिहायचं म्हटलं की त्यांना नेमकी ओपीडीची आठवण होते. "तुम्ही कच्चं लिहा, मी बघतो," म्हणाले. त्यांचं 'बघतो' म्हणजे काय, ते मला इतक्या वर्षांत चांगलं कळलंय.

पण पेशंटच तसा होता. शहागंजच्या बाजूला हार्डवेअरच्या एका दुकानात त्यांनी उभी हयात काउंटरवर काढली होती. मालक, गिऱ्हाईक, हमाल, सगळ्यांशी दखनीत, आमच्याकडच्या हिंदी-उर्दूत, बोलायचं आणि घरी आलं की मराठी. बायको पिशोरकडची, तिला मराठीशिवाय फारसं येत नव्हतं. लकव्यातून ते उठले तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि बोलणं पार थांबलं होतं. मग हळूहळू दखनी परत आली, तीही काय झोकात. मराठी मात्र आली नाही. उरलं होतं फक्त 'जय भीम'. कुणी खोलीत शिरलं की ते डावा हात छातीशी नेत स्वच्छ 'जय भीम' म्हणत, आणि त्यापुढचं सगळं दुकानातलं. बायको चहा घेऊन आली की विचारत, "हाँ बाजी, क्या होना?"

बाजी म्हणजे थोरली बहीण, क्या होना म्हणजे काय हवं. दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला ते असंच विचारत असणार. बायको, म्हणजे आमच्या ताई, पहिल्यांदा ऐकून हसल्या. मग बाहेर येऊन मला म्हणाल्या, "मॅडम, एवढा संसार केला, आन् आता मी ह्यांची गिऱ्हाईक झाले व्हय?" हाताचं, पायाचं त्या कधी विचारत नसत. नवऱ्यानं आपल्याला पुन्हा 'अगं' म्हणून हाक मारावी, एवढंच त्यांना हवं होतं. ते होईल का, हे त्या दर खेपेला विचारायच्या आणि मी दर खेपेला "बघू या" म्हणायची.

दोन भाषा येणाऱ्या माणसाची घरची भाषा जावी आणि बाजारातली राहावी, हे पुस्तकात असतं, पण असं ठळक समोर क्वचित येतं. सर म्हणाले, हे बाहेरच्या जर्नलला पाठवू. ताईंनी संमतीपत्रावर सही केली आणि आम्ही कामाला लागलो. मी चित्रं दाखवायची, ते नाव सांगायचे, सगळं रेकॉर्ड व्हायचं. ताला, चाबी, बाल्टी पटापट यायचं. कुलूप, किल्ली, बादली विचारलं की चेहरा कोरा. खुर्चीवरून माझं आणि सरांचं चांगलंच वाजलं. पेशंट म्हणाले "कुर्सी", सर म्हणाले हे मराठीत धरू, मी म्हटलं मुळीच धरायचं नाही. 'जय भीम' कुठल्या रकान्यात टाकायचं हे तर शेवटपर्यंत ठरलं नाही. सर म्हणाले, जर्नलच्या परदेशातल्या परीक्षकाला ते समजावण्यात आपली शब्दमर्यादा संपेल. मी ते तळटीपेत घातलंच.

लिहून झाल्यावर खरा ताप सुरू झाला. संपादकाला लिहायच्या पत्रात आपल्या पेपराची तारीफ आपणच करायची, आणि तीही नम्रपणे. संदर्भ एका पद्धतीनं लावले तर जर्नलला दुसरी पद्धत हवी. पोर्टलवर फाइल चढवली की तक्त्यातल्या सगळ्या मराठी शब्दांच्या जागी चौकोनी डबे. कुलपाचा डबा, किल्लीचाही डबा. मी चिडून सरांना म्हटलं, पेशंटची मराठी गेली ती गेली, आता माझीही घेतायत. शेवटी ते शब्द रोमन लिपीत लिहिले. ज्या संध्याकाळी 'तुमचे हस्तलिखित मिळाले' असा मेल आला, तेव्हा सरांनी सगळ्या स्टाफला भजी खाऊ घातली.

या काळात ताईंनी जे केलं त्याचं मला फार कौतुक वाटायचं. शेजारणीकडून त्या दखनी शिकत होत्या. सुरुवातीला अडखळत, मग बिनधास्त. "खाना खाते? दवा लेते?" ते उत्तर द्यायचे, हसायचेसुद्धा. मुलगा, सून, सगळं घर त्यांच्याशी तसंच बोलायला लागलं. मी इतर पेशंटांच्या घरच्यांना ताईंचं उदाहरण द्यायची.

काही महिन्यांनी परीक्षकांची मतं आली. पहिल्यानं इंग्रजी सुधारा म्हणून सांगितलं होतं, त्याचं आम्हाला काही वाटलं नाही. दुसऱ्याचा सूर सभ्य होता. त्यानं विचारलं होतं की आजारानंतर पेशंटच्या कानावर मराठी किती पडत होती? घरात त्यांच्याशी मराठीत कोण बोलत होतं?

मला वाटलं, काय खुळा प्रश्न आहे. मराठी माणसाच्या घरात मराठी पडत नसेल तर काय पडेल? उत्तराला पुरावा असावा म्हणून मी रेकॉर्डिंग ऐकायला बसले. मराठीच्या चाचणीचं रेकॉर्डिंग, आणि त्यात माझा आवाज: "चलो चाचा, अब मराठी का देखेंगे. ये क्या है? आराम से, कुछ जल्दी नहीं." चित्राखालचा तेवढा एक प्रश्न मराठीत, अलीकडचं पलीकडचं सगळं दखनीत. मागून ताईंचा आवाज येतो, "बोलो ना जी." नर्सही तशीच, वॉर्डबॉयही तसाच. पुढची ऐकली, त्याच्या पुढची ऐकली. त्या माणसाशी सलग मराठी कुणीच बोललेलं नव्हतं.

यात लबाडी कुणाचीच नव्हती. आमच्या शहराची रीतच ही आहे. समोरचा ज्या बोलीत बोलेल तिच्यात आपण वळायचं. रिक्षात बसलो की वळतो, भाजी घेताना वळतो, आणि वळलो हे आपल्या लक्षातही येत नाही. समोरच्याला त्याच्या भाषेत उत्तर देणं ही आमच्याकडची साधी माणुसकी. त्या माणुसकीनं आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांच्याभोवतीची मराठी पुसून टाकली, आणि वर पेपर लिहिला की ती परत येत नाही.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी एक रेकॉर्डिंग स्वतः ऐकलं. मग म्हणाले, "पेपरातल्या मर्यादांच्या भागात लिहा. जे आहे ते लिहा." आणि मी ताईंना बोलावून घेतलं. म्हटलं, आजपासून फक्त मराठी. ते काहीही बोलोत, उत्तर मराठीतच. घरातल्या सगळ्यांनी.

ताई गोंधळल्या. "पन मॅडम, त्यांला कळायचं नाय. उगं कावरंबावरं व्हतील."

"होऊ द्या," म्हटलं.

त्यांना ते फार जड गेलं. ते काही मागायचे आणि आपल्याला कळूनही नवऱ्याला न कळणाऱ्या बोलीत उत्तर द्यायचं, हे त्यांना निर्दयपणाचं वाटायचं. पण त्यांनी नेटानं केलं. जेवताना, अंघोळ घालताना, शेजारीपाजारी काय झालं ते सगळं मराठीत सांगत राहिल्या. ते नुसते बघत राहायचे. मग एका दुपारी ताईंचा फोन आला. त्या भाकरी करता करता माहेरचं काहीबाही बोलत होत्या, आणि ते लक्ष देऊन ऐकत होते. ऐकता ऐकता म्हणाले, "बाजी, ऐसा तो हमारे घर में बोलते."

"आमच्या घरात म्हन्ले, मॅडम. वळखलं त्यांनी."

मला रडूच आलं. सोमवारी घेऊन या, म्हटलं, नव्यानं तपासू. सोमवार यायच्या आत त्यांना दुसरा झटका आला. जीव वाचला, पण या वेळी सगळंच गेलं. दखनी गेली, 'जय भीम'ही गेलं.

दुरुस्त पेपर पाठवायची मुदत जवळ आली होती. मी सरांना म्हटलं, ते 'हमारे घर में'चं वाक्य घालू या. सर म्हणाले, "कुणी मोजलं ते? कुणी रेकॉर्ड केलं? बायकोनं फोनवर सांगितलं असं लिहायचं?" बोलताना त्यांनाही वाईट वाटत होतं, ते मला दिसत होतं. नियमाप्रमाणे त्यांचंच बरोबर होतं. मर्यादांच्या भागात, पेशंटशी मराठी फारशी बोलली गेली नाही, असं एक लांबलचक वाक्य गेलं आणि निष्कर्ष होता तसाच राहिला. पेपर स्वीकारला गेला. माझं नाव पहिलं आहे.

छापील प्रत घेऊन मी त्यांच्या घरी गेले. ते खाटेवर भिंतीला टेकून बसले होते, ताई शेजारी बसून त्यांना मऊ भात भरवत मराठीत काहीतरी सांगत होत्या. त्यांनी हात पुसून पानं चाळली. ह्यांचं नाव कुठं नाही का, विचारलं. पेशंटचं नाव छापत नाहीत, मी म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "शेवटाला काय लिव्हलंय?"

खोटं सांगावंसं फार वाटलं. पण सांगितलं की दखनी परत आली, मराठी परत आली नाही, असं लिहिलंय.

ताईंनी पानं नीट जुळवून माझ्या हातात परत दिली. म्हणाल्या, "पन येत व्हती की, मॅडम."