अकोल्याची वैशाली आणि तिच्या ठिपक्यांच्या बाया

मोबाइलवर एक चित्र पाहिलं आणि तिकीट काढलं. जाड काळ्या रेघांची वऱ्हाडी बाई, गालांवर कॉमिकसारखे ठिपके, तोंडाजवळच्या फुग्यात ‘चाय मांडू का?’ एवढ्यासाठी नाशिकहून अकोल्याला कोणी जातं का, असं नवरा म्हणाला. मी गेले.

चित्रकार वैशाली अकोल्याच्या शाळेत चित्रकला शिकवते. प्रदर्शन मात्र अमरावतीत, म्हणून सकाळी दोघी एसटीने निघालो. रस्ता बरा आहे, मूर्तिजापूरला चहापुरती गाडी थांबते. वैशाली सारखी मोबाइल उघडून वेळ बघत होती. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, “आज सासूबाई गावच्या बायांले घेऊन येऊन राहिल्या. चित्रांत त्याच साऱ्या आहेत. अन् मी सासूबाईंच्या कपाळावर मोठं लाल कुंकू काढलं.”

“मग?”

“मामाजी, म्हणजे माझे सासरे, गेल्यापासून त्या कुंकू लावत नाहीत. विचारायचं राहूनच गेलं. नाही आवडलं तर आजच उतरवीन.”

आता मलाही धाकधूक वाटायला लागली.

अमरावतीत आधी दह्यात बुडवलेला गिला वडा खाल्ला. दही जास्त मागा, चटणी झणझणीत असते. रिक्षावाल्याला पत्ता सांगावाच लागला नाही. “त्या कॉमिकवाल्या बाया न? माही पोरगी दोनदा पाहून आली.”

हॉलमध्ये कॉलेजची पोरं सेल्फी काढत होती, भाजीवाल्या बाया फुग्यांतली वाक्यं मोठ्याने वाचून हसत होत्या. मुंबईच्या गॅलरीत मी इतकं मोकळं हसू कधी ऐकलं नाही.

सासूबाई आणि गावच्या बायांची जीप आली. सगळ्या बायांनी दाराशी चपला काढल्या, देवळात जावं तशा. सासूबाई आपल्या चित्रासमोर उभ्या राहिल्या. मागून एक बाई पुटपुटली, “हे काय केलं वं सुनेनं?” वैशालीने चित्र उतरवायला हात पुढे केला.

“राहू दे,” सासूबाई म्हणाल्या. मग चित्राच्या आणखी जवळ सरकल्या. “कपाळ भरलेलं बरं दिसते. काढू नको.”

वैशाली रडली. मीही रडले, लपवत नाही.

नाशिकला परतल्यावर नवऱ्याला फोटो दाखवले, त्याने ‘मस्त’ म्हणून फोन परत दिला. अशा चित्रांना मीही आजवर नुसती गंमतच समजत होते. परवा वैशालीचा फोन आला. चित्राला गिऱ्हाईक आलं होतं, पण सासूबाईंनी विकू दिलं नाही. बैठकीच्या खोलीत, दारासमोरच लावून घेतलं. म्हणाल्या, “घरात येणाऱ्याले पयले मी दिसली पाहिजे. अशीच.”