क्रोशाच्या क्लासातले बुधवार

बायको तीन महिन्यांसाठी म्हणून पुण्याला मुलाकडं गेली, त्याला आता अडीच वर्षं होत आली. सून नोकरीवर रुजू झाली, नात लहान, आणि सांभाळायला ठेवलेल्या बाया टिकेनात. मीही जाऊन बघितलं. अकराव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत पंधरा दिवस काढले. मी बसेन तिथं कुणाला तरी अडचण व्हायची. परत कोल्हापूरला आलो. आमच्यात भांडण नाही. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल होतो, त्यात बराच वेळ नातीचं कपाळ आणि छताचा पंखा दिसतो.

मी टर्नर. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात छत्तीस वर्षं लेथवर लोखंड कातत उभा राहिलो. सगळं आयुष्य हाताच्या जोरावर गेलं आणि गेल्या थंडीत न्हाणीघरात घसरून उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. ते काढलं तेव्हा बोटं मिटेनात. शर्टाचं बटण लावायला दहा मिनिटं लागायची, आणि घरात लावून द्यायला दुसरं कोणी नव्हतं. मी बिनबटणाचे झब्बे घालायला लागलो.

दवाखान्यात हाताचे व्यायाम घेणारी मुलगी मला रबरी चेंडू दाबायला लावायची. एकदा म्हणाली, "काका, घरात कुणाला विणकाम येतं का?"

"बायकोला येतं. पण ती पुण्यात आहे."

"मग तुम्ही शिका. बोटं सुटतील."

घरी आल्यावर कपाट उघडलं. साडीच्या दुकानाच्या एका पिशवीत बायकोच्या क्रोशाच्या चार सुया आणि दोऱ्याचा पिवळट पडलेला पांढरा गुंडा होता. लग्नाआधी तिनं पुष्कळ विणलं होतं. नंतर कधी बंद झालं ते माझ्या लक्षात नाही. सुई हातात घेऊन टोकाचा बाकदार आकडा उजेडात धरला. एवढ्याशा तोंडाला काय सफाई होती! असं काम माझ्या हातून झालं असतं तर मी चार जणांना दाखवलं असतं.

संध्याकाळी तिला विचारलं, "क्रोशा शिकवशील का?"

"कुणाला?"

"मला."

ती हसली. तेवढ्यात नातीनं फोन ओढला. पंख्याखालून तिचा आवाज आला, "तिथं क्लास असतील की एखादा. बघा जावा."

राजारामपुरीत एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर क्लास होता, दर बुधवारी चार वाजता. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, बोलायला रोखठोक.

"कुणाचं नाव घालायचं?"

"माझंच."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "आमच्यात बायकाच असत्यात ओ."

"माझी काही हरकत नाही."

"तुमची नसंल. त्यास्नी इचारायला पायजे की." आणि त्यांनी तिथंच मोठ्यानं विचारलं. सतरंजीवर सात-आठ जणी बसल्या होत्या. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग कडेची एक म्हणाली, "बसू देत की. म्हातारं माणूस हाय." या शिफारशीवर मला प्रवेश मिळाला.

पहिल्या बुधवारी साखळी शिकलो. माझी साखळी इतकी घट्ट यायची की पुन्हा तिच्यात सुई शिरत नसे. बाई माझा अंगठा धरून म्हणाल्या, "आवळू नका. लोखंड न्हाय ते." दुसऱ्या बुधवारी उभे टाके आले. उंच टाक्याला खांब म्हणतात आणि ठेंगण्याला मुका खांब. मला नाव आवडलं. तिसऱ्या बुधवारी गोल रुमाल सुरू केला. तो सपाट व्हायच्या ऐवजी वाटीसारखा वर वळायला लागला, पण तोपर्यंत बोटं बऱ्यापैकी मिटायला लागली होती.

आवडला तो क्लास. कोणी माझ्याशी बोलत नसे. "जरा सरका", "ती कात्री द्या" एवढंच. पण एका खोलीत आठ-नऊ माणसं श्वास घेताहेत, बांगड्या वाजताहेत, मधेच कोणीतरी जांभई देतंय, यातच माझा आठवडा भरून निघायचा. मंगळवारीच मी झब्बा इस्त्री करून ठेवायचो. बायकोला कौतुकानं सांगितलं, "सगळ्या किती शांत बसून काम करतात."

"बायका? शांत?" म्हणून ती इतकी हसली की डोळे पुसायला लागली. मला काही उमगलं नाही.

चौथ्या बुधवारी बस चुकली आणि मला अर्धा तास उशीर झाला. जिना चढताना वरून हसणं ऐकू आलं. कोणीतरी आपल्या सासूची नक्कल करत होती, आणि फार छान करत होती. मग हसणं थांबलं. दुसरी एक हळू आवाजात सांगायला लागली की नवरा दोन महिने तिच्याशी बोललेला नाही. जेवायला वाढलं की ताट उचलून दुसऱ्या खोलीत जातो. तिला रडू आलं असावं. सगळ्या एकदम तिला समजवायला लागल्या. मी अर्ध्या जिन्यात, एक हात कठड्यावर ठेवून उभा.

कुणीतरी म्हणालं, "आज काका न्हाईत ते बरं झालं बाई. किती दिवसांनी मोकळं बोलतोय."

त्या बोलण्यात राग नव्हता. मला शिफारस देणाऱ्या त्याच बाईंचा तो आवाज होता. तीन बुधवार मी ज्याला शांतता समजत होतो, ती माझ्यामुळं पडलेली होती. मी पिशवी काखेत धरली, चप्पल वाजणार नाही असा जिना उतरलो आणि चालतच घरी आलो.

पुढच्या बुधवारीही गेलो नाही, तेव्हा रात्री बाईंचा फोन आला. "काका, दोन बुधवार आला न्हाईसा?"

"हात बरा झालाय आता."

त्यांना कळलं असावं. "बरं. घरी करत ऱ्हावा. अडलं तर फोन करा."

दोनदा केलाही.

त्यानंतर घरीच, मागच्या खिडकीशी बसायला लागलो. टाके सैल पडायला लागले, रुमाल सपाट व्हायला लागले. विणताना डोकं हलकं होतं, हे खरं. टाके मोजताना दुसरं काही सुचत नाही. पण ओळ संपली की मान वर करून कुणाला तरी दाखवावंसं वाटतं, आणि समोर भिंत असते. कारखान्यात आम्ही पंधरा जण होतो. दिवसभर मशीनकडं तोंड करून, आवाजावर आवाज चढवून काय काय बोलायचो. निवृत्त झाल्यावर त्यातल्या कोणाचा फोन नाही. मीही केला नाही. मला क्लास हवा होता तो बोटांसाठी नव्हता, हे त्या खिडकीशी बसून हळूहळू लक्षात आलं.

मे महिन्यात गारगोटीला भाचीचं लग्न होतं, त्यासाठी बायको चार दिवस आली. स्वयंपाकघरात उभी राहून तिनं मला विचारलं, "साखर कुठं ठेवताय?" मी डबा काढून दिला. आम्ही दोघंही जरा अवघडलो.

टेबलावरचा रुमाल तिनं उचलला आणि आधी उलटा करून बघितला. "तुम्ही केलात?"

"हो."

"उलटी बाजू चांगली आलीय." बराच वेळ ती गाठी चाचपत होती. मग मी तिला जिन्यातली गोष्ट सांगितली. तोवर कुणालाच सांगितली नव्हती. ती हसेल असं वाटलं होतं, पण हसली नाही.

"परत फिरलात ते बरं केलं," ती म्हणाली. आणि जरा वेळानं, रुमालाची घडी घालत, "मला असली एक खोली न्हाई बघा तिथं."

इतके दिवस मी एकटा आहे एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती माणसांत आहे असं मी धरून चाललो होतो.

दुपारी तिच्या हातात सुई दिली. तिची बोटं विसरली होती. पहिल्याच ओळीला अडली. "पुढं काय?" तिनं विचारलं.

"दोन साखळ्या, मग खांब." मी दाखवलं. लग्नाचा दिवस सोडून दोन दुपारी आम्ही शेजारी बसलो. फार बोललो नाही.

चौथ्या दिवशी तिला बसमध्ये बसवलं. एक सुई आणि नवा गुंडा तिनं पर्समध्ये घातला होता. नात झोपली की दुपारी दोनला फोन उभा करून दोघांनी विणायचं असं ठरलं. आठवडाभर तसं झालं. मग नातीनं दुपारची झोप सोडली, गुंडा ओढायला लागली, आणि बायकोनं तो कपाटावर ठेवला. "बघू, ती शाळेत जायला लागली की," असं म्हणाली.

माझं चालू आहे. सध्या पुढच्या खिडकीचा पडदा विणायला घेतलाय. मोठा आहे, पावसाळाभर पुरेल.